दोन प्रणाली, एक अभिलेख : मॅक व विंडोज संगणकांतील फाइलींची देवाणघेवाण

कार्यालयीन कामकाजात कागदाला जे स्थान होते, ते आता मोठ्या प्रमाणावर संगणकावरील फाइलीने घेतले आहे. जिल्हा कार्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि महाविद्यालयापासून प्राथमिक शाळेपर्यंत पत्रे, याद्या, अंदाजपत्रके, अहवाल व छायाचित्रे संगणकावर तयार होतात आणि संगणकावरच राहतात. यांपैकी बहुतेक संगणक विंडोज प्रणालीवर चालणारे असतात. परंतु छपाईची मांडणी, छायाचित्रे व चित्रफिती यांच्या कामासाठी ॲपल कंपनीचा मॅक संगणक वापरण्याचा प्रघात मुद्रण व प्रसिद्धीच्या क्षेत्रात जुना आहे. त्यामुळे एकाच इमारतीत, कित्येकदा एकाच खोलीत, दोन भिन्न प्रणालींचे संगणक शेजारी शेजारी काम करीत असतात. त्यांच्यात फाइलींची देवाणघेवाण कशी करावी आणि ती करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक बोलका प्रसंग

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेचे काम प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिले. मजकूर कार्यालयातील विंडोज संगणकावर तयार होत होता. पानांची मांडणी शेजारच्या खोलीतील मॅकवर होत होती. दोन्ही खोल्यांमध्ये एक पेन ड्राइव्ह दिवसातून दहा वेळा ये-जा करीत असे. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थिनींच्या यादीत दोन नावे राहिली होती. ती कार्यालयातील प्रतीत वेळीच घालण्यात आली. तथापि मांडणी करणाऱ्याच्या संगणकावर आदल्या दिवशीची प्रत होती. दोन्ही प्रतींचे नाव ‘अंतिम’ असेच होते. स्मरणिका छापून आली तेव्हा त्या दोन मुलींची नावे तीत नव्हती.

या चुकीत कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुढील प्रत खरी मानली, एवढेच. एका कागदाच्या अनेक प्रती निर्माण होणे आणि त्यांतील खरी कोणती हे ठरविण्याचे साधन हाती नसणे, हे या चुकीचे मूळ होते. लाभार्थ्यांची यादी, मतमोजणीचा तक्ता किंवा पाणीपुरवठ्याचे अंदाजपत्रक यांच्या बाबतीत असे घडले, तर परिणाम किती गंभीर होईल, हे सांगावयास नकोच.

पेन ड्राइव्हच्या मर्यादा

पेन ड्राइव्हने फाइल नेण्यात आणखीही अडचणी आहेत. साठवणीच्या साधनावर फाइली मांडून ठेवण्याची प्रत्येक प्रणालीची पद्धत वेगळी असते. विंडोजची ‘एनटीएफएस’ ही पद्धत मॅकला वाचता येते, परंतु वेगळी आज्ञावली बसविल्याशिवाय तीत लिहिता येत नाही. मॅकच्या ‘एचएफएस प्लस’ व ‘एपीएफएस’ या पद्धती विंडोजला मुळात वाचताही येत नाहीत. ‘फॅट ३२’ ही जुनी पद्धत दोघांनाही चालते, परंतु तीत चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. सभेची लांब चित्रफीत सहज ही मर्यादा ओलांडते. पेन ड्राइव्ह वापरणे भागच असेल, तर तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने तयार करून घ्यावा. ती दोन्ही प्रणालींना लिहिता-वाचता येते. मात्र प्रती वाढण्याचा मूळ दोष त्याने दूर होत नाही. त्यासाठी संगणक जाळ्याने, म्हणजे नेटवर्कने, जोडणे हाच खरा उपाय होय.

अभिलेखपालाची पद्धत

नेटवर्कवरील देवाणघेवाण समजून घेण्यासाठी आपल्या अभिलेख कक्षाचे उदाहरण उपयोगी पडते. अभिलेख कक्षात कोणी स्वतः जाऊन कपाट उघडीत नाही. आपण मागणीचिठ्ठी देतो; अभिलेखपाल आपला अधिकार पाहतो आणि नस्ती काढून देतो. कपाट लाकडी आहे की लोखंडी आणि आतील नस्त्या कोणत्या क्रमाने लावल्या आहेत, याच्याशी मागणाऱ्याला कर्तव्य नसते.

नेटवर्कवर ज्या संगणकात सामाईक फोल्डर असतो, तो संगणक अभिलेखपालाचे काम करतो. दुसरा संगणक त्याच्याकडे फाइल मागतो आणि तो आपल्या डिस्कवरून ती वाचून देतो. म्हणूनच जी एनटीएफएस डिस्क मॅकला जोडली असता तीत लिहिता येत नाही, त्याच डिस्कवर नेटवर्कमार्फत मॅकवरून खुशाल लिहिता येते. कारण प्रत्यक्ष लिहिणारा विंडोज संगणकच असतो. मागणीचिठ्ठीची भाषा दोघांना समजली म्हणजे झाले.

या पद्धतीचा दुसरा लाभ असा की, मूळ फाइल एकच राहते. एकाने वर्डसारख्या आज्ञावलीत ती उघडली असेल, तर दुसऱ्याला फाइल वापरात असल्याची सूचना मिळते व ती केवळ वाचण्यासाठी उघडते. नस्ती बाहेर गेल्याची नोंद पाहून आपण थांबतो, तसाच हा प्रकार आहे.

समान भाषा कशी घडली

मागणीची ही भाषा म्हणजे ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, संक्षेपाने ‘एसएमबी’. तिची मूळ रचना आयबीएम कंपनीत बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास केली व पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजसाठी विकसित केली. ॲपलची भाषा मात्र निराळी होती. १९८० च्या दशकातच ॲपलने मॅकसाठी ‘एएफपी’ ही स्वतंत्र पद्धत प्रचारात आणली. परिणामी दोन प्रणालींमध्ये दुभाष्याची गरज भासू लागली.

या कामी ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांचे कार्य महत्त्वाचे ठरले. १९९० च्या दशकाच्या आरंभी, कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकत असताना, त्यांनी विंडोजची भाषा बोलणारी एक मुक्त आज्ञावली लिहिली. तीच ‘सांबा’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आली. ॲपलने २००२ मध्ये आपल्या मॅक ओएस टेन १०.२ या आवृत्तीत सांबाचा अंतर्भाव केला व मॅकवरील फोल्डर विंडोज संगणकांना सहज उपलब्ध झाले. २०१३ च्या १०.९ या आवृत्तीपासून दोन मॅक संगणकांमधील देवाणघेवाणीसाठीसुद्धा एसएमबीलाच पहिला मान मिळाला आणि २०२० मधील बिग सर या आवृत्तीपासून मॅकवरील फोल्डर एएफपीने देऊ करण्याची सोय काढून टाकण्यात आली. आज दोन्ही प्रणाली एकच भाषा बोलतात. दुभाष्याची आवश्यकता उरलेली नाही. पुढे ज्या अडचणी येतात, त्या बहुधा अधिकार, नावे व सुरक्षितता यांच्या असतात.

विंडोज संगणकावरील फोल्डर मॅकला देणे

प्रथम दोन्ही संगणक एकाच राउटरला, तारेने किंवा वायफायने, जोडलेले असावेत. अभ्यागतांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायवर एक संगणक असेल, तर दोघांची भेट सहसा होत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ असा निवडावा आणि प्रगत शेअरिंगच्या भागात ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. त्यानंतर सामाईक कामासाठी एक नवा फोल्डर करावा. संपूर्ण डिस्क कधीही सामाईक करू नये. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ या भागातून कोणाला प्रवेश द्यावयाचा ते ठरवावे. मॅकवरून येणाऱ्यासाठी विंडोजवर वेगळे खाते व परवलीचा शब्द तयार करणे श्रेयस्कर होय.

मॅकवर ‘फाइंडर’ उघडून ‘गो’ या यादीतील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ हा पर्याय घ्यावा. तेथे रोमन लिपीत एसएमबी ही तीन अक्षरे, त्यापुढे अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि विंडोज संगणकाचे नाव किंवा त्याचा नेटवर्क क्रमांक लिहावा. नंतर खात्याचे नाव व परवलीचा शब्द विचारला जातो. येथे पुष्कळांची एक चूक होते. विंडोज उघडताना आपण जो चार-सहा आकडी पिन वापरतो, तो केवळ त्या संगणकापुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा पूर्ण परवलीचा शब्दच द्यावा लागतो.

मॅकवरील फोल्डर विंडोजला देणे

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘शेअरिंग’ या क्रमाने जाऊन ‘फाइल शेअरिंग’ सुरू करावे. २०२२ पूर्वीच्या आवृत्त्यांत हाच भाग ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’मध्ये आढळतो. तेथे फोल्डर व त्याचे वापरकर्ते निवडावेत. त्यानंतर ‘ऑप्शन्स’ उघडून, ज्या खात्याने विंडोजवरून प्रवेश करावयाचा त्या खात्यापुढे खूण करावी. ही शेवटची पायरी राहून गेल्यामुळे परवलीचा शब्द बरोबर असूनही तो नाकारला जातो. विंडोजसाठी तो शब्द मॅकवर निराळ्या व तुलनेने कमी सुरक्षित रूपात साठवावा लागतो, म्हणून ही अनुमती प्रत्येक खात्यासाठी मुद्दाम द्यावी लागते. यासाठी मुख्य खाते न वापरता केवळ देवाणघेवाणीपुरते वेगळे खाते वापरणे इष्ट.

विंडोजवर ‘फाइल एक्सप्लोरर’च्या पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा व त्यापुढे मॅकचे नाव किंवा क्रमांक लिहिला असता फोल्डर दिसू लागतो. नावाने संगणक सापडत नसेल, तर क्रमांकाने प्रयत्न करावा. हा क्रमांक राउटर देत असल्यामुळे तो बदलू शकतो. अभिलेखपालाचे काम करणाऱ्या संगणकाला राउटरमधून कायमचा क्रमांक नेमून घेतल्यास रोजची शोधाशोध वाचते.

अधिकारांची विभागणी

सर्वांना सर्व अधिकार देणे सोयीचे वाटते, परंतु ते धोक्याचे आहे. मॅकवर ‘वाचणे व लिहिणे’, ‘केवळ वाचणे’ आणि ‘केवळ टाकणे’ असे तीन प्रकार आहेत. तिसरा प्रकार टपालपेटीसारखा आहे. आत टाकता येते, पण आतील पाहता येत नाही. विद्यार्थ्यांकडून स्वाध्याय गोळा करण्यास शिक्षकांना तो फार उपयोगी पडेल.

विंडोजवर दोन ठिकाणी अधिकार तपासले जातात. एक ‘शेअरिंग’चा, दुसरा ‘सिक्युरिटी’चा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोहोंपैकी जो अधिक कडक असेल तो लागू होतो. फाइल वाचता येते पण जतन करता येत नाही, अशी तक्रार आल्यास प्रथम ही दोन्ही ठिकाणे ताडून पाहावीत.

नावांची शिस्त

मॅकवर चालणारे प्रत्येक नाव विंडोजवर चालत नाही. तिरपी रेघ, उलटी तिरपी रेघ, अपूर्णविराम, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणाची दोन चिन्हे व उभी रेघ ही चिन्हे विंडोज फाइलीच्या नावात स्वीकारीत नाही. आपल्या कार्यालयांत जावक क्रमांक ‘१२/२०२५’ असा लिहिण्याची रीत आहे. मॅकवर असे नाव देता येते. विंडोजवर मात्र तेच नाव अडचण उत्पन्न करते. त्याऐवजी आडवी रेघ वापरावी. तसेच विंडोजमध्ये नावाच्या शेवटी टिंब चालत नाही, म्हणून फोल्डरला ‘ग्रा.पं.’ असे नाव न देता ‘ग्रामपंचायत’ असे पूर्ण लिहावे. तारीख ‘२०२५-०८-१५’ अशी वर्षापासून लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

मराठीच्या बाबतीत एक सूक्ष्म अडचण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ’ हे अक्षर संगणकाच्या युनिकोड संकेतात दोन रीतींनी लिहिता येते : एकसंध ‘ऱ’ म्हणून, अथवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता या दोन चिन्हांच्या जोडीने. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावातील अशा अक्षरांची नेहमी फोड करून ठेवीत असे. २०१७ पासून आलेली एपीएफएस पद्धत नाव जसेच्या तसे ठेवते व दोन्ही रूपे एकच मानते. विंडोज मात्र ती भिन्न समजते. त्यामुळे जुन्या मॅकवरून पेन ड्राइव्हने किंवा झिप करून आलेली फाइल आणि विंडोजवर तयार झालेली फाइल, दोन्हींचे नाव ‘शेतकऱ्यांची यादी’ असूनही, एकाच फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे नांदू शकतात. असे आढळल्यास दोन्ही फाइली उघडून तपासाव्यात व राहणारी फाइल विंडोजवर नव्याने नाव टंकून ठेवावी.

फोल्डरात फोल्डर करीत जाऊ नये, हेही सांगावयास हवे. विंडोजमधील अनेक आज्ञावलींत फोल्डरांसह पूर्ण नावाची मर्यादा सुमारे २६० चिन्हांची असते आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त यांची प्रत्येकी स्वतंत्र गणना होते.

मॅकवरून फोल्डर उघडल्यावर त्यात ‘डीएस स्टोअर’ नावाची टिंबाने सुरू होणारी एखादी फाइल दिसते. हा विषाणू नव्हे. फोल्डर कसा मांडून दाखवावा याची ती मॅकने केलेली नोंद असते.

मजकूर आणि अक्षररूप

फाइल पोहोचली म्हणजे मजकूर पोहोचलाच असे नाही. युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये केलेला मजकूर, तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. म्हणून नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. विंडोजवरील निर्मला किंवा मंगल आणि मॅकवरील कोहिनूर देवनागरी यांची वळणे वेगळी असली, तरी अक्षरे कायम राहतात. पानांची मांडणी बदलता कामा नये अशी प्रत पीडीएफ स्वरूपात द्यावी.

सुरक्षिततेचा धडा

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर हाहाकार उडविला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना नियोजित तपासण्या रद्द कराव्या लागल्या. हा विषाणू एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतील दोषातून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत असे. त्यासाठी कोणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या विषाणूने, त्याच दोषाचाही लाभ घेत, जगातील अनेक कंपन्यांना ग्रासले व आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले. विशेष म्हणजे या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिलेली होती. औषध उपलब्ध होते. ते अनेकांनी घेतले नव्हते.

यावरून काही नियम निश्चित होतात. प्रणालींच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी. जुना स्कॅनर किंवा जुने यंत्र चालावे म्हणून ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. परवलीच्या शब्दाविना ‘पाहुणा’ म्हणून प्रवेश देऊ नये. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ या आवृत्तीपासून देवाणघेवाणीतील संदेशांवर खूणमुद्रा असण्याची अट मुळातच घातलेली असल्यामुळे असा पाहुणा प्रवेश सहसा नाकारलाच जातो. विंडोज १० साठीचे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, याचीही नोंद घ्यावी. तसेच एसएमबीचे ४४५ क्रमांकाचे द्वार राउटरमधून इंटरनेटला कधीही खुले करू नये. ही देवाणघेवाण इमारतीच्या आतच राहिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. सामाईक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत जात नाही. ती तत्काळ नाहीशी होते. म्हणून आठवड्यातून किमान एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी व ती डिस्क काढून कुलपात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्क विषाणूच्या तावडीतून सुटत नाही.

जबाबदारी कोणाची

यंत्राची मांडणी एका दुपारी होते. व्यवस्था मात्र रोज सांभाळावी लागते. प्रत्येक सामाईक फोल्डरसाठी एका कर्मचाऱ्यास अभिलेखपाल म्हणून नेमावे. कोणास कोणता अधिकार दिला याची नोंद त्याने वहीत ठेवावी आणि बदली किंवा निवृत्ती होताच ते खाते बंद करावे. लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती असलेल्या याद्या वेगळ्या फोल्डरमध्ये, ज्यांचे काम आहे त्यांच्यापुरत्याच ठेवाव्यात. ज्या कार्यालयांत ई-ऑफिस प्रणाली चालू आहे, तेथे अधिकृत नस्ती त्या प्रणालीतच राहावी. सामाईक फोल्डर कच्चे मसुदे, छायाचित्रे, नकाशे व छपाईचा मजकूर यांसाठी वापरावा.

आरंभी उल्लेखिलेल्या संस्थेने पुढील वर्षी हीच पद्धत स्वीकारली. मजकूर एका फोल्डरमध्ये ठेवण्यात आला, मांडणी करणारा मॅकवरून तेथूनच तो घेऊ लागला आणि यादीत बदल करण्याचा अधिकार एकाच शिक्षिकेकडे राहिला. छपाईला जाण्यापूर्वी त्यांनी मूळ फाइल उघडून प्रत्येक नाव पानावरील नावाशी ताडून पाहिले. आदल्या वर्षी राहिलेली दोन नावेही त्या अंकात योग्य उल्लेखासह छापण्यात आली. आपल्या शाळेत, पंचायतीत वा कार्यालयात अशी व्यवस्था उभी करण्यास वेगळ्या खर्चाची गरज बहुधा पडत नाही. आवश्यक साधने दोन्ही प्रणालींत मुळातच असतात. मूळ प्रत कोठे आहे आणि तिचा सांभाळ कोण करतो, हे मात्र आधी ठरवावे लागते. वाचकांनी आपल्या कार्यालयात त्याची सुरुवात अवश्य करावी.